ताराबाई शिंदे

बुलढाणा हे आपल्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. मेहकरहून अनेक लोक कामासाठी तेथे जातात. त्याच बुलढाण्यात १८५० साली ताराबाई शिंदे यांचा जन्म झाला.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून होते. ते जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्या काळी येथे मुलींसाठी शाळा नव्हती. बापूजींनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकवले.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला झाला. तिच्या समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येत नसे. तिला मूल झाले. बदनामीच्या भीतीने तिने त्या बाळाचा जीव घेतला. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. तिचा गुन्हा मोठा होता, यात शंका नाही. पण त्यावरून वर्तमानपत्रांत सगळ्याच स्त्रियांना नावे ठेवली जाऊ लागली. हे वाचून ताराबाईंना फार राग आला. त्यांनी लेखणी हाती घेतली.

१८८२ साली त्यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक पुण्यात छापले गेले. प्रती पाचशे आणि किंमत नऊ आणे. पत्नी वारली की पुरुष दुसरे लग्न करतो, मग विधवेलाच मनाई का? जे दोष स्त्रियांचे म्हणून सांगतात, ते पुरुषांत नसतात का? असे प्रश्न त्यांनी निर्भयपणे विचारले.

पुस्तकावर खूप टीका झाली. जोतीरावांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. १९१० च्या सुमारास त्या वारल्या. लोक त्यांना विसरले. पुढे १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केले. आज स्त्रियांच्या हक्कांचा इतिहास सांगताना त्याचे नाव आदराने घेतात.

मुलांनो, ताराबाईंना शाळा मिळाली नाही, तुम्हांला मिळाली आहे. तुमच्या घरी एखाद्या बहिणीची शाळा बंद होणार असेल, तर गप्प बसू नका. भावाने शिकावे, मग बहिणीने का नको, हे अम्मी-अब्बांना अदबीने विचारा. ताराबाईंनी असाच प्रश्न साऱ्या समाजाला विचारला होता.

स्वाध्याय
१. ताराबाईंना कोणी शिकवले?
२. ताराबाईंना राग का आला?
३. तुमच्या घरातील कोणती स्त्री शाळेत जाऊ शकली नाही? तिला कारण विचारा व पाच वाक्ये लिहा.