अनिकेताचे घर

आज श्रावण वद्य अष्टमी. मध्यरात्री घरोघरी पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल आणि देवकीच्या उदरी कारागृहात जन्मलेल्या बालकाचे नामकरण गोकुळात, म्हणजे परक्याच्या घरी, कसे झाले याचे गोड वर्णन माताभगिनी ऐकतील. जन्म एका ठिकाणी, वाढ दुसऱ्या ठिकाणी, कर्तव्य तिसऱ्या ठिकाणी आणि राजधानी समुद्रकाठी, असे भगवंताचे चरित्र आहे. वारकरी परंपरेप्रमाणे याच तिथीस, शके ११९७ मध्ये, म्हणजे इसवी सन १२७५ साली, श्रीज्ञानदेवांचा जन्म झाला. त्या जन्मास २०२५ साली ७५० वर्षे पूर्ण झाली. गीता सांगणारा आणि ती मराठीत आणणारा, दोघांची जन्मतिथी एक, हा योग भाविकांना नेहमीच मोहवितो. परंतु दोघांच्या बालपणातील आणखी एक साम्य सहसा लक्षात येत नाही. ते म्हणजे, हक्काचे घर दोघांनाही लाभले नाही. श्रीकृष्णाला निदान नंद-यशोदा भेटले. ज्ञानदेवांना कोण भेटले, ते पाहावयाचे आहे.

पैठणपासून पूर्वेस काही कोसांवर, गंगेच्या उत्तर तीरी, आपेगाव आहे. (गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.) तेथील कुलकर्णीपण ज्ञानदेवांच्या घराण्याकडे होते. पणजोबा त्र्यंबकपंत, आजोबा गोविंदपंत, आजी निराबाई आणि वडील विठ्ठलपंत, अशी ही परंपरा. विठ्ठलपंत मूळचेच विरक्त. तीर्थयात्रा करीत ते आळंदीस आले, तेथील कुलकर्णी सिधोपंतांनी आपली कन्या रुक्मिणी त्यांना दिली. पुढे त्यांनी काशीस जाऊन संन्यास घेतला, आणि घरी पत्नी असल्याचे कळताच गुरूंनीच त्यांना परत गृहस्थाश्रमात धाडले, ही कथा प्रत्येक घरात माहीत आहे. त्यानंतर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार अपत्ये दोन-दोन वर्षांच्या अंतराने झाली. ज्ञानदेवांचा जन्म आपेगावचा की आळंदीचा, याविषयी दोन मते आहेत. आम्हा पैठणकरांचा कल कोणीकडे असेल हे वाचकांस सांगावयास नको. पण ज्या बालकाला कोणतेही गाव आपले म्हणावयास तयार नव्हते, त्याच्या जन्माचा मान मिळावा म्हणून आज दोन गावे हट्ट धरतात, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

धर्मशास्त्रात संन्यास घेऊन परतणाऱ्यास आरूढपतित म्हणतात. चढलेला असून पडलेला, असा त्याचा अर्थ. चोराला प्रायश्चित्त आहे, मद्यप्याला आहे. याला नाही, असा कठोर पक्ष काही स्मृतिकारांनी घेतला आहे. तो काळही असा होता की देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेला हेमाद्री पंडित व्रत, दान, श्राद्ध आणि प्रायश्चित्त यांचे प्रचंड संकलन करीत होता. दिवसाची प्रत्येक घटका नियमाने बांधली जात असता आळंदीच्या ब्रह्मवृंदाने विठ्ठलपंतांच्या कुटुंबास वाळीत टाकले, यात त्या काळच्या दृष्टीने नवल नव्हते. नवल एवढेच की शिक्षा बापाला झाली आणि ती भोगली मुलांनी. आठव्या वर्षी मुंज व्हावयाची, ती निवृत्तींची झाली नाही. मुंज नाही म्हणून वेदाध्ययन नाही, पंगत नाही, समवयस्कांचा सहवास नाही. माधुकरीस गेले तर दार लागे.

म्हणून हे कुटुंब हालले. विठ्ठलपंत सर्वांना घेऊन त्र्यंबकेश्वरी आले. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा चालू असता एके दिवशी वाघ आडवा आला, पळापळीत निवृत्ती वाट चुकले आणि एका गुहेत शिरले. तेथे गहिनीनाथ बसले होते. आईबाप बाहेर रानात शोध घेत असतील, आणि आत त्या कोवळ्या मुलाला नाथपंथाचा उपदेश मिळत होता. वाट चुकली तेव्हाच ती सापडली, असे आम्ही कीर्तनात म्हणतो आणि श्रोते माना डोलावतात. पुढे निवृत्तींनी तोच उपदेश ज्ञानदेवांस केला. थोरला भाऊच गुरू झाला. ज्या मुलांना गुरुगृही प्रवेश नव्हता, त्यांच्या घरातच गुरुगृह उभे राहिले.

मग तो दारुण प्रसंग. मुलांना तरी समाजाने पदरात घ्यावे म्हणून आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त पत्करले आणि प्रयागी त्रिवेणीत देह अर्पण केला, असे परंपरा सांगते. कीर्तनात या ठिकाणी मी फार वेळ थांबत नाही. बोलण्यासारखे काही नसते, आणि पुढच्या रांगेतील आयाबाया तोवर डोळ्यांस पदर लावून बसलेल्या असतात.

आता चार मुले उरली. देहदंड झाल्यावरही आळंदीने त्यांना घेतले नाही. पैठणच्या धर्मसभेचे शुद्धिपत्र आणा, असे सांगितले. पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी, दक्षिणेतील विद्येचे पीठ. तेथला निर्णय सर्वांना मान्य. नामदेवरायांनी ज्ञानदेवांचे जे चरित्र आदी, तीर्थावळी आणि समाधी अशा तीन प्रकरणांत गाइले आहे, त्यात या वेळी भावंडांत झालेला संवाद आला आहे. निवृत्तींना पत्राची गरजच वाटत नव्हती. आत्म्याला जात नाही, कुळ नाही, मग शुद्धी कशाची? सोपानांचेही मत तेच. ज्ञानदेवांनी मात्र आग्रह धरला की विधीचा मान राखावा, लोकांना सोडून आपण वेगळे होऊ नये. मला स्वतःला हा प्रसंग पुढच्या चमत्काराहून मोठा वाटतो. ज्याला लोकांनी टाकले त्यानेच लोकांना न टाकण्याचा निश्चय केला, आणि तोही बाराव्या वर्षी.

आळंदीहून पैठण म्हणजे आजच्या रस्त्याने जवळजवळ २०० किलोमीटर. परंपरेने दिलेले शके धरले तर पैठणच्या प्रसंगी, म्हणजे शके १२०९ मध्ये, निवृत्ती चौदा, ज्ञानदेव बारा, सोपान दहा आणि मुक्ताई अवघी आठ वर्षांची. कीर्तनास येणाऱ्या मुलांत कित्येक अशी असतात की वडिलांच्या बदलीपायी दर दोन वर्षांनी शाळा बदलतात. आणि आमच्या मराठवाड्यात तर ऊसतोडीच्या हंगामात बैलगाडीबरोबर गाव सोडणारी मुले आहेत. कोणत्या गावचा, असे विचारले की ती क्षणभर गप्प राहतात. त्या चौघांनाही पैठणच्या वेशीवर हाच प्रश्न विचारला गेला असेल, आणि त्यापुढे कोणाचा, हाही.

नागघाटावर रेड्याच्या मुखातून वेद वदविल्याची कथा येथली. रेड्याचेही नाव ज्ञानाच, असे कोणी कुचेष्टेने म्हटले. ज्ञानदेवांनी ती कुचेष्टा सिद्धान्त म्हणून स्वीकारली, कारण दोघांतील आत्मा एकच. पाठीवर पडलेल्या आसुडाचे वळ त्यांच्या पाठीवर उमटले, असेही सांगतात. चमत्कार घडला की नाही हे विचारणाऱ्यांस विचारू द्यावे. वेदाचा अधिकार नाकारलेल्या मुलाने तो अधिकार एका मुक्या जनावरापर्यंत नेऊन पोहोचविला, हा त्या कथेचा गाभा आहे. ब्रह्मवृंद नमला. शास्त्रात या दोषास प्रायश्चित्त नाही, अनन्य हरिभजन हाच मार्ग, असा निर्णय पैठणने दिला, असे परंपरा सांगते. शब्दांकडे नीट पाहिले तर मुलांना कुळात परत घेतल्याचे त्यात नाही. त्यांना हरीकडे पाठविले एवढेच.

तेथून ही भावंडे प्रवरेच्या तीरी नेवाशास आली. आणि येथे, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, रामदेवराव यादवाच्या राज्यात, पंधरा वर्षांच्या ज्ञानदेवांनी गीतेवर निरूपण मांडले. सच्चिदानंदबाबा लेखक झाले. ज्या खांबाला टेकून हे निरूपण झाले असे मानतात, तो पैसाचा खांब आजही नेवाशास आहे. सुमारे नऊ हजार ओव्या, आणि त्यात स्वतःच्या हालअपेष्टांचा एक शब्द नाही. शोधूनही सापडत नाही.

मात्र दुसरे काही सापडते. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांचा गौरव करताना त्यांना आपले संपन्न माहेर म्हणतात. माहेर श्रीमंत असले की लाडक्या लेकराचे लाड पुरतात, तसे तुम्ही माझे लाड पुरविता, असा त्या ओवीचा भाव आहे. पाच गावांनी हालविलेला पोरका मुलगा समोर बसलेल्या ऐकणाऱ्यांना माहेर म्हणतो. हे वाचताना अंगावर काटा येतो. ग्रंथाच्या शेवटी ते परंपरा सांगतात, ती त्र्यंबकपंत-गोविंदपंतांची नाही. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव. संध्येत गोत्रोच्चार करावयाचा अधिकार ज्याला मिळाला नाही, त्याने आपले गोत्र असे उच्चारले. आणि अभंगांच्या नाममुद्रेत पंढरीच्या विठ्ठलाला त्यांनी रखुमाईचा पती आणि आपला बाप म्हटले आहे. जन्मदात्या आईवडिलांची नावेही विठ्ठल आणि रुक्मिणीच होती, हे ध्यानात घेऊन ती मुद्रा पुन्हा म्हणून पाहावी.

संस्कृताच्या अभ्यासकास आणखी एक स्थळ थांबविते. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची जी लक्षणे आहेत, त्यांत एक शब्द अनिकेत असा आहे. निकेत म्हणजे घर. ज्याला घर नाही तो अनिकेत. शब्द नकारात्मक आहे. भाष्यकार त्याचा अर्थ नियत निवासस्थान नसलेला असा करतात, आणि तो बरोबरच आहे. ज्ञानदेव वाऱ्याचा दृष्टान्त देतात, की त्याचे बिऱ्हाड एका ठिकाणी नसते. आणि लगेच तो नकार पालटून टाकतात. अवघे विश्व हेच ज्याला आपले घर वाटते तो अनिकेत, असा त्यांचा अर्थ आहे. हा अर्थ कोशात मिळणार नाही. आपेगाव, आळंदी, त्र्यंबक, पैठण आणि नेवासे या वाटेने चालून आल्यावाचून तो कोणास सुचता, असे मला वाटत नाही.

परंतु मनाची ही स्थिती सहज आली असे कोणी समजू नये. आळंदीस परत जाताना वाटेत आळे येथे त्या रेड्याने देह ठेवला. तेथे त्याची समाधी आहे. आळंदीत जुने विरोधक होतेच. विसोबांनी मुक्ताईला मांडे भाजण्यासाठी खापर मिळू दिले नाही, ही कथा सर्वश्रुत आहे. असाच कोणाचा तरी शब्द जिव्हारी लागून एके दिवशी ज्ञानदेव पर्णकुटीत गेले आणि ताटी लावून बसले. ताटी म्हणजे झोपडीचे दार. ज्याने विश्वाला घर म्हटले, त्याने स्वतःच्या झोपडीचे दार आतून बंद केले! थोर पुरुषांच्या चरित्रातून असे प्रसंग गाळण्याची आपल्याकडे खोड आहे. वारकऱ्यांनी हा गाळला नाही, ही त्यांची थोरवी. दारापुढे मुक्ताई उभी राहिली. चौघांत सर्वांत लहान. तिने समजूत घातली, अधिकारही चालविला. सारे आपलेच असेल तर राग धरावयाचा कोणावर, हा तिचा युक्तिवाद होता, आणि त्यास ज्ञानदेवांपाशीही उत्तर नव्हते. दार उघडले. ते ताटीचे अभंग आजही गाइले जातात. ज्ञानदेवांना त्यांचेच तत्त्वज्ञान शिकविणारी ही बहीण पुढे चांगदेवांसारख्या योगिराजाची गुरू झाली. विसोबाही शरण आले आणि नामदेवांचे गुरू झाले.

पुढील वर्षे भराभर सरली. अमृतानुभव झाला, चांगदेवांस पासष्ट ओव्यांचे पत्र गेले, नामदेवांच्या संगतीने तीर्थयात्रा झाली. गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, चोखोबा आणि जनाबाई असा गोतावळा जमला. यांतील एकासही कोणी शुद्धिपत्र विचारले नाही. मग कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८, म्हणजे १२९६ साली, एकविसाव्या वर्षी, ज्ञानदेवांनी इंद्रायणीकाठी समाधी घेतली. ज्या आळंदीने दार लावले होते, तीच भूमी त्यांनी कायमच्या निवासासाठी निवडली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीचा घाला देवगिरीवर पडला होता. वर्षभरातच सासवडला सोपानदेव, तापीकाठी मेहूण येथे मुक्ताई आणि त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ, अशी भावंडे चार दिशांना विसावली.

त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी पैठणने आपले ऋण फेडले. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, नाथमहाराजांनी निरनिराळ्या पोथ्या ताडून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घुसडू नये अशी ताकीदही दिली. ज्या नगरीत ज्ञानदेव शुद्धिपत्र मागावयास आले होते, त्या नगरीच्या पुत्राने त्यांचा ग्रंथ शुद्ध करून दिला. आळंदीची समाधीही नाथांनीच शोधून काढली.

ज्येष्ठात आळंदी, सासवड, त्र्यंबकेश्वर आणि मुक्ताईनगर येथून चौघांच्या पालख्या निघतात. पैठणहून नाथांची निघते. पंढरीच्या अलीकडे वाखरीस त्या एकत्र येतात, आणि तेथून पुढची वाट भावंडे बरोबर चालतात.