डॉ. एरिक फॉन विलेब्रांड

फिनलंडमधील वासा येथे १८७० साली जन्मलेल्या या डॉक्टरांचे नाव आज एका रोगास लाभले आहे. हेलसिंकीस ते वैद्यकी करीत असता, १९२४ साली ओलांद बेटांवरील पाच वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे आणण्यात आली. जरासे लागले तरी तिचे रक्त थांबत नसे. काही भावंडेही याच व्याधीने दगावली होती. हिमोफिलिया तर बहुधा पुरुषांनाच होतो! डॉक्टरांनी त्या कुळातील ६६ जणांची हकीकत जमविली. २३ जण व्याधिग्रस्त निघाले, त्यांत पुष्कळ स्त्रिया होत्या. मुलीच्या रक्तातील बिंबाणू, म्हणजे जखमेशी गोळा होऊन ती बुजविणाऱ्या चिमुकल्या चकत्या, संख्येने पुरेसे होते. तेव्हा दोष त्यांच्या कार्यात व रक्तवाहिनीत असावा, असे त्यांनी १९२६ साली लिहिले. हा तर्क चुकला. परंतु ही व्याधी निराळी आहे हे त्यांनी अचूक ओळखले, याचेच आम्हांस अधिक कौतुक वाटते.

ती मुलगी वयात येताच रक्तस्रावाने गेली. डॉक्टर १९४९ साली निवर्तले. १९५७ च्या सुमारास कळले, की उणीव रक्तद्रवातील एका घटकाची होती. हे प्रथिन फाटलेल्या रक्तवाहिनीस चिकटते आणि बिंबाणूंच्या पृष्ठभागावरील ग्राही त्यास धरून राहतात. ते नसले, तर बिंबाणू रक्ताबरोबर वाहून जातात.