दोन थेंबांचा दूत : डॉ. अल्बर्ट सेबिन

ज्ञातीच्या स्मरणिकेत परदेशस्थ शास्त्रज्ञाचे चरित्र कशासाठी, असे काही ज्ञातिबांधव विचारतील. त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, आमच्या घरोघरी बालकांच्या मुखी जे दोन थेंब पडले, त्यांचे ऋण ज्ञाती, धर्म वा राष्ट्र यांच्या सीमेत मावणारे नाही.

डॉ. सेबिन यांचा जन्म १९०६ साली, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या बियालिस्टोक नगरात, एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यूंच्या छळास कंटाळून हे कुटुंब १९२१ साली अमेरिकेस गेले. तेथे वैद्यकविद्या संपादन करून डॉ. सेबिन यांनी सिनसिनाटी येथे सजीव पण निस्तेज केलेल्या विषाणूंपासून पोलिओची तोंडाने घ्यावयाची लस सिद्ध केली. परंतु तिची मोठी परीक्षा व्हावी कोठे? अमेरिकेत १९५५ पासून डॉ. साल्क यांची लस लक्षावधी मुलांना टोचली जात होती. नव्या लसीचा कस तर लस न घेतलेल्या मुलांतच लागणार.

सोव्हिएट रशियातही ह्याच रोगाने उग्र रूप धारण केले होते. उभय राष्ट्रे परस्परांकडे संशयाने पाहत असताना, १९५६ साली डॉ. चुमाकोव्ह प्रभृती रशियन शास्त्रज्ञ अमेरिकेत आले आणि त्याच वर्षी डॉ. सेबिन रशियात गेले. पुढे त्यांनी आपले विषाणुवाण रशियन सहकाऱ्यांच्या हाती सोपविले. १९५९ अखेर तेथे १ कोटीहून अधिक लोकांस ही लस मिळाली. रशियन आकड्यांवर अमेरिकेत शंका निघाल्या, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. डोरोथी हॉर्स्टमन यांस पाहणीस धाडले. काम चोख असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. १९६१-६२ मध्ये अमेरिकेनेही लसीस मान्यता दिली. डॉ. सेबिन यांनी तिचे पेटंट घेतले नाही.

हे केवळ सदिच्छेने घडले नाही, हे आम्हांस विशेष वाटते. आधी दिले, मग तपासू दिले. म्हणूनच प्रतिपक्षाच्या मनात विश्वास रुजला.

डॉ. सेबिन १९९३ साली निवर्तले. भारतात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली १९९५ मध्ये. रानटी विषाणूने झालेल्या पोलिओचा अखेरचा रुग्ण आढळला जानेवारी २०११ मध्ये, आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. तो दिवस त्यांस पाहता आला नाही. आमची मुले मात्र आपल्या पायांवर धावत आहेत. त्यांच्या मातापित्यांनी हे नाव विसरू नये, एवढीच आमची विनंती.