मल्लखांबाचे आद्यगुरू : बाळंभटदादा देवधर

आपल्या बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस उभा असलेला असीरगड तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. त्याच्याच परिसरात जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी सर जॉन माल्कम यांच्यापुढे शरणागती पत्करली आणि सालीना आठ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठी ब्रह्मावर्तास जाऊन राहण्याचे मान्य केले. राज्य बुडाले, परंतु त्या दरबाराच्या आश्रयाने वाढलेली एक विद्या बुडाली नाही. तिचे प्रवर्तक बाळंभटदादा देवधर यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

दादांचा जन्म १७८० सालचा. नाशिककडील कोठुरे हे त्यांचे गाव. निजामाच्या मुलखातून अली व गुलाब हे दोन नामांकित मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी पेशव्यांच्या पहिलवानांना आव्हान दिले. कोणी पुढे येईना, तेव्हा विशीही न गाठलेल्या बाळंभटाने विडा उचलला, अशी कथा आहे. मुदत मागून घेऊन तो सप्तशृंगीच्या गडावर गेला. तेथे प्रत्यक्ष मारुतीने त्यास लाकडी खांबावरील डाव दाखविले, असे परंपरा मानते. झाडांवरून झेपा घेणाऱ्या वानरांना न्याहाळून ते त्याने स्वतः बसविले, असेही कोणी म्हणतात. मला ही दुसरी हकीकत अधिक पटते. भाविकांना दोहोंत फारसा भेद वाटणार नाही! परत येऊन त्याने अलीस चीत केले आणि गुलाबाने कुस्तीच टाळली.

मल्लाने खांबावर मेहनत करावी ही कल्पना दादांच्याही पूर्वीची होय. बाराव्या शतकातील चालुक्य नृपती सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात तिचा उल्लेख सापडतो. परंतु विस्मृतीत गेलेल्या त्या साधनास शास्त्राचे रूप दादांनी दिले. सागवानी अथवा शिसवी खांब जमिनीत पक्का रोवायचा आणि त्यास एरंडेल चोळायचे. तो खाली जाड व वर निमुळता असून त्याच्या भागांस अंग, मान व बोंड अशी नावे आहेत. खांब म्हणजे जणू समोर उभा ठाकलेला प्रतिमल्लच! अढी ही या विद्येतील मुळाक्षरे होत. मांड्यांच्या आणि पायांच्या पकडीत खांब असा आवळावयाचा की, डोके खाली असताना हात सोडले तरी देह तसूभर घसरू नये.

पेशव्यांमागोमाग दादाही ब्रह्मावर्तास गेले. बालपणी राणी लक्ष्मीबाईंनी तेथेच ही विद्या आत्मसात केली, असे सांगतात. पुढे काशीस दादांचा आखाडा प्रसिद्धीस आला. १८५२ मध्ये ते निवर्तले. पेशवे आदल्याच वर्षी गेले होते. आता राजाश्रय नव्हता, द्रव्य नव्हते. तरीही कोंडभटनाना गोडबोले आदी शिष्यांनी आणि पुढे त्यांच्या शिष्यांनी ठिकठिकाणी मल्लखांब रोवले.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने परदेशीयांपुढे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत मल्लखांबही होता. योगायोग असा की, बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नाइस्मिथ त्याच समारोहास उपस्थित होते. त्यांचा खेळ ऑलिंपिकमध्ये प्रथमच समाविष्ट झाला होता आणि अमेरिकेतील प्रशिक्षकांनी वर्गणी जमवून या वृद्ध गुरूस तेथे धाडले होते. कॅनडातील आल्मॉन्ट या त्यांच्या गावी आज त्यांच्या नावाचा न्यास व संग्रहालय आहे. गावाने आपल्या सुपुत्राची आठवण कशी जपावी, याचा तो नमुना होय. कोठुऱ्याच्या या सुपुत्राचे नाव मात्र रोज मल्लखांबावर चढणाऱ्या किती मुलांना सांगता येईल?

दादांच्या विद्येचे भाग्य आपल्या प्रांती विशेष उजळले. मल्लखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८१ साली उज्जैन येथे झाली. २०१३ मध्ये मध्यप्रदेश शासनाने मल्लखांब हा राज्याचा खेळ म्हणून घोषित केला. ज्या प्रदेशात पेशव्यांनी शस्त्र खाली ठेवले, तोच हा प्रदेश.