खानदेशातून मुंबईला जाताना दिसणारं 'मस्जिद' स्टेशन आणि पोथी आणायला गेलेला मराठी ज्यू फौजी

भुसावळ, जळगाव, चाळीसगावहून रेल्वेने मुंबईला गेला असाल, तर सीएसएमटी यायच्या आधीची पाटी वाचलीच असेल. त्या पाटीवर लिहिलेलं असतं, मस्जिद.

नाव वाचून कुणालाही वाटेल की जवळपास एखादी मोठी मशीद असणार आणि तिच्यावरून हे नाव पडलं असणार. पण या नावाची आणखी एक गोष्ट सांगितली जाते. ही मशीद म्हणजे मुसलमानांची मशीद नाही, तर ज्यू लोकांचं सिनेगॉग. कोकणातले मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. स्टेशनजवळच मांडवीत त्यांची 'जुनी मशीद' आहे आणि ती ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव सॅम्युएल स्ट्रीट.

स्टेशनच्या नावाबद्दल वाद आहेत. पण ही जुनी मशीद कुणी बांधली याबद्दल वाद नाही.

बांधणाऱ्याचं नाव सॅम्युएल इझिकेल दिवेकर. मराठीत सामाजी हसाजी दिवेकर.

हे दोन्ही नावं एकाच माणसाची कशी? तर बेने इस्राएल शेकडो वर्षं कोकणात राहिले आणि त्यांची नावंही मराठी झाली. सॅम्युएलचा सामाजी झाला, इझिकेलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी. आडनाव गावावरून घ्यायची कोकणी पद्धत त्यांनीही उचलली. किहीमचे किहीमकर, राजपूरचे राजपूरकर, तसे दिव्याचे दिवेकर.

कोकणात त्यांचा मुख्य धंदा तेलाचा घाणा. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, खवले नसलेला मासा खायचा नाही, शनिवार पाळायचा आणि 'शमा' ही प्रार्थना म्हणायची, एवढं त्यांनी जपलं होतं. पण हिब्रू भाषा विसरली गेली होती. आणि तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, त्याची पोथी त्यांच्याकडे उरली नव्हती.

आता पोथी नसण्याने नेमकं काय अडतं, हे समजायला ज्यूंच्या घरातला एक सोहळा माहीत असायला हवा. बार मित्स्वा.

आपल्याकडे जशी मुंज असते, तसा हा प्रकार. मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो धर्माच्या दृष्टीने मोठा माणूस धरला जातो. मुलींसाठी हे वय बाराचं. त्या मुलाला सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर बोलावतात आणि तोराचा त्या आठवड्याचा भाग म्हणायला लावतात. म्हणायला, कारण तोरा सरळ वाचत नाहीत. ती सुरात गातात.

खरी अडचण इथेच आहे. चामड्यावर हाताने लिहिलेल्या त्या गुंडाळीत नुसती व्यंजनं असतात. काना-मात्रा नाहीत, विरामचिन्हं नाहीत आणि सुराच्या खुणाही नाहीत. कोणता शब्द वर चढवायचा, कुठे थांबायचं, हे मुलाला गुरूकडून ऐकून पाठ करावं लागतं. वेदपाठात स्वर चुकून चालत नाही, तसंच इथेही. चूक झाली तर मुलाला तिथल्या तिथे अडवतात आणि शब्द पुन्हा म्हणायला लावतात. म्हणजे हा सोहळा व्हायला तीन गोष्टी लागतात. पोथी, सूर शिकवणारा माणूस आणि प्रार्थनेला जमलेले किमान दहा प्रौढ पुरुष.

खानदेशातल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. बहिणाबाईंची गाणी तोंडातोंडी होती. ती सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने लिहून घेतली म्हणून उरली. ज्यूंच्या तोराचं उलटं आहे. शब्द लिहिलेले आहेत, पण गाणं माणसाच्या गळ्यात आहे. दोन्हींपैकी एक हरवलं तर दुसरं अपुरं.

सामाजींच्या काळात कोकणातल्या ज्यूंकडे पोथीही नव्हती आणि सूरही नव्हता.

अठराव्या शतकात बेने इस्राएल कोकणातून मुंबईत यायला लागले. अनेकजण ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती झाले. सामाजी आणि त्यांचे भाऊही त्यातच. सामाजी चढत चढत नेटिव्ह कमांडंटच्या हुद्द्यापर्यंत पोचले. हिंदी माणसासाठी तेव्हा हा मोठा मान होता.

1780 ते 1784 या काळात इंग्रज आणि म्हैसूर यांच्यात दुसरं युद्ध झालं. मुंबईची फौज या युद्धात उतरली होती आणि तिचे बरेच लोक टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. त्यात सामाजीही होते.

पुढची गोष्ट बेने इस्राएल पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. कैद्यांची चौकशी सुरू होती. सामाजींना जात विचारली गेली तेव्हा त्यांनी बेने इस्राएल असं सांगितलं. हे टिपूच्या आईच्या कानावर गेलं. कुराणात ज्या बनी इस्राईलचा उल्लेख येतो, ते लोक आपल्या राज्यात आहेत हे तिला पहिल्यांदाच कळलं आणि तिने त्यांचा जीव वाचवायला सांगितलं. कैदेत असताना सामाजींनी नवस केला होता, की सुटलो तर मुंबईत देवाचं घर बांधीन.

यातला किती भाग इतिहास आणि किती आख्यायिका, हे वेगळं करणं अवघड आहे. पण सामाजी सुटून आले आणि 1796 मध्ये त्यांनी सिनेगॉग उभं केलं, हे पक्कं आहे. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. नाव शार हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. कैदेतून सुटलेल्या माणसाने दिलेलं हे नाव आहे, हे लक्षात घेतलं की त्याचा अर्थ कळतो. पुढे 1860 मध्ये सिनेगॉग आत्ताच्या जागी आलं.

इमारत झाली, पण पोथीचं काय?

त्या काळी हिंदुस्तानात ज्यूंचं मोठं आणि जुनं केंद्र होतं कोचीनला. तिथलं परदेशी सिनेगॉग 1568 चं. तिथे पोथ्या होत्या, हिब्रू जाणणारे लोक होते आणि सूरही होते. तोराची पोथी आणि सिनेगॉगला लागणाऱ्या वस्तू मिळवण्यासाठी सामाजी कोचीनला गेले. आणि 1797 मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

नवस फेडून जेमतेम वर्ष झालं होतं.

पण त्यांनी धरलेली वाट बंद पडली नाही. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू मुंबईत आणि कोकणात हजान, म्हणजे प्रार्थना गाऊन म्हणणारे, आणि शिक्षक म्हणून यायला लागले. शेलोमो सालेम शुर्राबी हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. 1856 मध्ये ते वारले, तोवर त्यांनी बेने इस्राएलांना हिब्रू प्रार्थना शिकवण्यात आयुष्य घालवलं. बगदादहून आलेल्या ज्यूंनी आपले सूर आणले. म्हणून बेने इस्राएलांच्या प्रार्थनेत आजही कोचीन आणि बगदादच्या चाली सापडतात.

जगभरच्या ज्यूंचं असंच आहे. तोराचे शब्द सगळीकडे तेच, पण पोलंडचा सूर वेगळा, येमेनचा वेगळा, इराकचा वेगळा. तेरा वर्षांचा मुलगा कोणत्या सुरात गातो यावरून त्याचं घराणं कुठलं ते ओळखता येतं.

बेने इस्राएलांनी यात स्वतःची भर घातली, ती मराठीची. 1880 च्या सुमारास त्यांनी चक्क कीर्तनं सुरू केली. पूर्वरंग, आख्यान, टाळ, सगळं हरिदासी कीर्तनासारखं, फक्त कथा मोशे, योसेफ, दावीद यांच्या. बायकांनी ही गाणी वह्यांमध्ये उतरवून ठेवली. आणि शुभकार्याला होतो तो मलिदा. गोड पोहे, खोबरं आणि फळांचं ताट मांडतात आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं गाणं सगळे मिळून म्हणतात.

1948 नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथे ते मराठी बोलतात, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. भारतात आता सगळे मिळून पाचेक हजार ज्यू उरलेत. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

सामाजींपुढे अडचण पोथीची होती. आज कोकणातल्या सिनेगॉगमध्ये पोथ्या आहेत, सूरही आहे. बऱ्याच ठिकाणी जमत नाहीत, ते प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष.