दारूच्या नशेत बुडालेला एक ट्रक ड्रायव्हर, ज्याच्यामुळे अमेरिकेत तिकीट वाटपाची पद्धत बदलली

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की एका राज्याचं नाव हमखास बातम्यांत येतं. ते म्हणजे आयोवा. मक्याची शेती आणि जेमतेम ३२ लाख लोकसंख्या. एवढ्याशा राज्याला इतका भाव का मिळतो, हे समजून घ्यायचं तर हॅरॉल्ड ह्यूज या माणसाची गोष्ट माहिती पाहिजे.

ह्यूज यांचा जन्म १९२२ चा, आयोवातल्याच आयडा ग्रोव्ह गावातला. अंगापिंडानं धिप्पाड, फुटबॉल खेळणारा गडी. कॉलेज अर्ध्यात सुटलं. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिका आणि सिसिलीत लढून ते घरी आले आणि ट्रक चालवायला लागले. सोबत दारूही होतीच. व्यसन इतकं वाढलं की १९५२ साली ते जीव द्यायला निघाले होते. पण त्या रात्री ते मागे फिरले. पुढे दारू सोडली आणि आपलं व्यसन कधी लपवलं नाही.

ट्रकमधून थेट गव्हर्नरच्या खुर्चीत

छोट्या ट्रकवाल्यांचे प्रश्न मांडता मांडता ते राजकारणात आले. आधी रिपब्लिकन, मग डेमोक्रॅट. १९५८ साली राज्याच्या वाणिज्य आयोगावर निवडून आले आणि १९६२ साली गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकली. गंमत म्हणजे, आयोवातल्या बारमध्ये पेगवर दारू विकायला असलेली बंदी याच माणसाच्या काळात उठली. कायदा सगळीकडे राजरोस मोडला जातोय, तर हे ढोंग कशाला, असा त्यांचा मुद्दा होता. १९६५ साली आयोवात फाशीची शिक्षा रद्द झाली, तीही त्यांच्याच सहीनं.

१९६८ साली असं काय झालं?

व्हिएतनाम युद्धामुळे देश पेटला होता. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा लढणार नसल्याचं जाहीर केलं. युद्धाला विरोध करणारे युजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी प्रायमरी निवडणुका लढवत होते. जूनमध्ये केनेडींची हत्या झाली. आणि डेमोक्रॅटिक पक्षाचं तिकीट मिळालं ह्युबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती.

हे कसं शक्य झालं? तर तेव्हा बहुतेक राज्यांत राष्ट्रीय अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी पक्षाचे स्थानिक पुढारीच ठरवायचे. बैठक कधी, कुठे, नियम काय, हे साध्या कार्यकर्त्याला कळायचंही नाही.

अधिवेशनाच्या तोंडावर मॅकार्थी समर्थकांच्या पुढाकारानं एक आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते ह्यूज. काही राज्यांत प्रतिनिधी निवडीचे लेखी नियमच नाहीत, अनेक ठिकाणी निवडणुकीचं वर्ष उजाडायच्या आधीच निवड सुरू झालेली असते, हे या आयोगानं मांडलं. शिकागोच्या त्याच अधिवेशनात ह्यूज यांनी मॅकार्थींचं नाव उमेदवारीसाठी मांडलं. मॅकार्थी हरले. पण नियम बदलायचा ठराव पास झाला आणि नवा आयोग आला. अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न, उपाध्यक्ष ह्यूज.

मग आयोवा पहिलं कसं आलं?

नवा नियम साधा होता. प्रत्येक बैठकीची जाहीर सूचना द्या, लेखी नियम ठेवा, सगळ्यांना येऊ द्या.

आयोवात प्रतिनिधी निवडीचे चार टप्पे होते: वॉर्डासारखा प्रिसिंक्ट, मग काउंटी, मग काँग्रेसचा मतदारसंघ आणि शेवटी राज्य. प्रत्येक टप्प्याआधी सूचना द्यायची, कागदपत्रं छापून वाटायची, तर मध्ये वेळ हवा. उलटं मोजत गेल्यावर पहिला टप्पा थेट जानेवारीत आला. २४ जानेवारी १९७२ ला आयोवातल्या डेमोक्रॅट्सचं कॉकस झालं, न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीच्याही आधी.

ह्यूज स्वतः १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी चाचपणी करून बाजूला झाले होते. त्यांचा पाठिंबा एडमंड मस्की यांना होता. मस्की पुढे राहिले, पण मॅकगव्हर्न यांनी अपेक्षेपेक्षा चांगली मतं घेतली आणि पुढे तिकीटही त्यांनाच मिळालं. १९७६ साली जिमी कार्टर यांनी आयोवा अक्षरशः पिंजून काढलं. तिथं पहिला नंबर 'अजून ठरवलेलं नाही' म्हणणाऱ्यांचा होता, पण उमेदवारांमध्ये कार्टर सगळ्यांच्या पुढे होते. फारसं कुणाला माहीत नसलेला हा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला आणि तेव्हापासून प्रत्येक इच्छुक आयोवाच्या वाऱ्या करायला लागला.

कॉकसमध्ये होतं काय?

थंडीतल्या एका संध्याकाळी लोक शाळेत, चर्चमध्ये जमतात. डेमोक्रॅट्सच्या जुन्या पद्धतीत आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. बहुतेक ठिकाणी १५ टक्क्यांपेक्षा कमी लोक असलेला गट बाद. त्या लोकांना बाकीचे गट आपल्याकडे ओढणार. शेवटच्या मोजणीवरून पुढच्या टप्प्याचे प्रतिनिधी ठरायचे. रिपब्लिकन मात्र भाषणं ऐकून कागदावर गुप्त मतदान करतात.

बंद खोलीतला कारभार उघड्यावर आला, हे ह्यूज यांच्या सुधारणेचं यश. पण ठरलेल्या वेळी तास-दोन तास हजर राहणं रात्रपाळीच्या कामगाराला, आजारी माणसाला, तान्ह्या बाळाच्या आईला कसं जमणार? लांबच्या रस्त्यावर असलेल्या ट्रक ड्रायव्हरलाही ते जमत नाही. म्हणजे दार सगळ्यांसाठी उघडलं, पण त्या वेळी तिथं पोहोचता आलं तरच.

२०२० साली निकाल कळवण्याचं ॲप गंडलं आणि डेमोक्रॅट्सचा निकाल कित्येक दिवस रखडला. २०२४ ला पक्षानं आयोवाचा पहिला नंबर काढून घेतला आणि तिथं पोस्टानं मतं मागवली. रिपब्लिकन पक्षानं मात्र जानेवारीतलं कॉकस तसंच ठेवलं.

ह्यूज हे बघायला नव्हते. १९६९ ते १९७५ ते सिनेटमध्ये होते. दारूच्या व्यसनाकडे आजार म्हणून बघून उपचारांसाठी सरकारी पैसा उभा करणारा १९७० चा कायदा त्यांच्याच नावानं ओळखला जातो. राजकारण सोडल्यावर ते धर्मकार्य आणि व्यसनमुक्तीच्या कामात रमले. १९९६ साली त्यांचं निधन झालं. उमेदवार कोण हे आजही वाद घालून ठरतं, पण ते कोणत्या नियमानं ठरणार हे आता आधी लिहून जाहीर करावं लागतं.