लोहाराच्या पोराने १८३३ मध्ये जे पाहिलं, त्यावर आज तुमच्या गाडीचा टेंपरेचर सेन्सर चालतो

समजा, मे महिना आहे. बारामतीहून भिगवणमार्गे इंदापूरला एक जुनी प्रीमियर पद्मिनी निघालीय. हौशी मालकाने कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवलंय. बाहेरून विकत घेतलेला इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू लावलाय. पाण्याचा आणि ऑइलचा असे दोन नवे टेंपरेचर सेन्सरही जोडलेत. बाहेर ऊन चाळीशीपार आणि स्क्रीनवर इंजिनच्या पाण्याचं तापमान दिसतंय उणे ४०!

हसू नका. ईसीयूला खरंच वाटतं की इंजिन बर्फात पडलंय. तो जास्त पेट्रोल सोडतो आणि रेडिएटरचा फॅन सुरूच करत नाही. इकडे पाणी उकळतं, हेड गॅस्केट जातं आणि खर्च इंजिन खोलण्यापर्यंत पोचतो.

गाडी मुद्दाम प्रीमियरची घेतली. ही कंपनी १९४४ मध्ये काढली वालचंद हिराचंद यांनी, ज्यांच्या नावाचं वालचंदनगर इंदापूर तालुक्यातच आहे. पण आजची गोष्ट त्यांची नाही. स्क्रीनवरचा तो उणे ४० चा आकडा समजून घ्यायचा तर आधी मायकल फॅरेडे हा माणूस समजून घ्यावा लागतो.

पुस्तकं बांधता बांधता वाचायला लागला

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळचा. वडील लोहार, तेही कायम आजारी. घरात पैसा नाही, त्यामुळे शाळा लिहिण्या-वाचण्यापुरती आणि आकडेमोडीपुरतीच झाली. चौदाव्या वर्षी तो एका बुकबाइंडरकडे सात वर्षांसाठी उमेदवारीला लागला.

काम होतं पुस्तकं बांधायचं. पोरगं ती वाचायला लागलं. बांधायला आलेल्या विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याने वाचला आणि चार पैसे जमवून घरीच प्रयोग सुरू केले.

१८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे तेव्हाचे सर्वात गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. फॅरेडेने टिपणं काढली, आपल्याच हाताने त्यांचं पुस्तक बांधलं आणि डेव्हींना पाठवून दिलं. सोबत नोकरीचा अर्ज.

मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीसाची जागा मिळाली. त्याच वर्षी डेव्ही दांपत्याबरोबर तो युरोपच्या दौऱ्यावर गेला. तिथे त्याला नोकराचीही कामं करावी लागली. डेव्हींच्या बायकोने त्याला कधी बरोबरीने वागवलं नाही. पुढे १८२४ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळायची वेळ आली, तेव्हा विरोध केला तो खुद्द डेव्हींनीच. तरी फॅरेडे निवडून आला.

आता सेन्सरची गोष्ट

१८३१ मध्ये फॅरेडेने चुंबकापासून वीज निर्माण करून दाखवली. जनरेटर, डायनॅमो, ट्रान्सफॉर्मर हे सगळं त्यातूनच आलं. हे आपण शाळेत शिकतो. १८३३ मध्ये त्याला जे दिसलं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

घन पदार्थ वितळला की त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता कशी बदलते, हे तो तपासत होता. त्यात सिल्व्हर सल्फाइडची पाळी आली. तांबं, लोखंड यांसारखे धातू तापले की विजेला जास्त अडवतात. इथे उलटंच झालं. खालून दिव्याची आच दिली की वीज जास्त वाहायला लागली. दिवा काढला, पदार्थ निवला, वीज पुन्हा कमी झाली.

फॅरेडेने हा निकाल चूक म्हणून टाकून दिला नाही. इतर पदार्थांपेक्षा हा वेगळा वागतो, असं छापून मोकळा झाला. असं का होतं, हे सांगणारं शास्त्र तेव्हा नव्हतं. त्याचा उपयोगही कुणाला ठाऊक नव्हता. या गुणावर चालणारे बाजारी थर्मिस्टर यायला जवळपास शंभर वर्षं जावी लागली. गाडीतला तापमानाचा सेन्सर हा बहुतेक वेळा असाच थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा रोध कमी होतो.

मग उणे ४० कुठून आलं?

ईसीयू ५ व्होल्टची लाइन एका ठरावीक रेझिस्टरमधून सेन्सरला देतो आणि मध्ये किती व्होल्ट उरतात ते मोजतो. सेन्सर थंड असेल तर व्होल्टेज जास्त, गरम असेल तर कमी. आता वायर तुटली किंवा कनेक्टर निघाला, तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. ईसीयू त्याचा अर्थ लावतो प्रचंड थंडी. म्हणून उणे ४०.

उलट आकडा भलताच गरम दिसत असेल, तर सिग्नलची वायर बॉडीला चिकटली असेल. किंवा सेन्सर ज्या जादा इनपुटला जोडलाय, तिथे तो रेझिस्टरच नसेल. मग तो बाहेरून लावावा लागतो. फॅन किंवा हेडलाइट लावल्यावर आकडा उडी मारत असेल, तर संशय अर्थिंगवर. सेन्सरची अर्थ वायर बॉडीला न लावता ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच न्यावी.

सगळ्यात फसवी चूक वेगळीच. आकडा पटण्यासारखा दिसतो, पण चुकीचा असतो. कारण सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याच सेन्सरचा तक्ता भरलेला असतो. यावर उपाय फॅरेडेचाच. सेन्सर काढा, मल्टिमीटर लावा. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवा, मग उकळत्या पाण्यात. बॉशचा नेहमीचा सेन्सर बर्फात साधारण ५,९०० ओहम दाखवतो, २० अंशांना २,५०० आणि १०० अंशांना १९० च्या आत. बारामती समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, हे लक्षात ठेवा. आकडे कंपनीच्या तक्त्याशी जुळले की सेन्सर चांगला आहे. मग वायरिंग बघा, शेवटी सॉफ्टवेअर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

वहीत १६ हजार नोंदी

फॅरेडेला उच्च गणित येत नव्हतं. त्याची ताकद होती वही. फसलेले प्रयोगही तो क्रमांक घालून लिहायचा. शेवटच्या नोंदीचा क्रमांक आहे १६,०४१. पुढे स्मरणशक्ती दगा द्यायला लागली, तेव्हा याच वह्या कामी आल्या.

त्याने सर ही पदवी नाकारली. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नको म्हणाला. क्रिमियाच्या युद्धात सरकारला विषारी वायू बनवून द्यायलाही त्याने नकार दिला. २५ ऑगस्ट १८६७ ला तो गेला.

त्यामुळे पुढच्या वेळी स्क्रीनवर अशक्य आकडा दिसला, तर घाईने नवा सेन्सर मागवू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि कनेक्टरपासून सुरुवात करा. काय तपासलं, काय निघालं, ते मोबाइलमध्ये टिपून ठेवा.